तेवढं चालायचंच

"दम लागतो का?" या प्रश्नाला आपल्याकडे खरं उत्तर मिळणं कठीण. साठी उलटलेले काका ठणकावून सांगतात, "छे! अजिबात नाही." ते खोटं बोलत नसतात. आधी त्यांनी पर्वती चढणं सोडलं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राला खालूनच हाक मारू लागले, पुढे भाजीची पिशवीही मुलाकडे गेली. दम लागेल असं काही करायचंच नाही म्हटल्यावर तो लागणार कुठून? खोकला? "सकाळचा थोडा. तेवढं चालायचंच." शेजारी बसलेल्या काकू काही बोलत नाहीत, फक्त भुवया उंचावतात.

सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार अशा काकांच्या आडोशानेच वाढतो. त्याला हुडकायला डॉक्टरांनी प्रश्नावल्या बेतल्या आहेत. त्यांतली एक अवघ्या पाच प्रश्नांची, दहा गुणांची. दम, बेडका आणि वय तर ती विचारतेच. पण तिचा मर्मावरचा प्रश्न असा, की श्वासाच्या त्रासामुळे तुम्ही पूर्वीपेक्षा कमी कामं करता का? इथे काका पर्वतीपाशी जरा अडखळतात. आयुष्यात निदान 100 सिगारेटी ओढल्यात का, या प्रश्नाला मात्र ते निर्मळ मनाने "नाही" म्हणतात. ते विडी ओढायचे.

दमाची पायरी ठरवणारी दुसरी एक मोजपट्टी आहे. सपाटीवर बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालता का? शंभरेक मीटरवर थांबावं लागतं का? आता सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात सगळेच शंभर मीटरवर थांबतात, राजकारणासाठी. त्यात कोण श्वासासाठी थांबलं हे कसं कळणार?

गावात हेच काम आशाताई करतात. तिशीपुढच्या प्रत्येकाच्या फॉर्ममध्ये त्या स्वयंपाकाचं इंधनही विचारतात: लाकूड, काडीकचरा, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल? "गॅस आहे की!" असतोच. त्यावर चहा होतो. भाकरी चुलीवर आणि आंघोळीचं पाणीही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, तेव्हा त्यात या धुराला मानाचं पान होतं.

अर्थात प्रश्नावली फक्त संशय घेते. निकाल देते स्पायरोमेट्री. नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि "फुंका, फुंका, अजून, अजून!" या गजरात सगळा बाहेर सोडायचा. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात सत्तर टक्क्यांहून कमी बाहेर आली, तर वाट अरुंद झाली आहे. यंत्रापुढे "तेवढं चालायचंच" चालत नाही.

पण यंत्रापर्यंत माणूस पोचवायचा तर प्रश्नच हवेत, आणि उत्तर देणारा योग्य हवा. माझं मत विचाराल तर काकांची फक्त सही घ्यावी. उत्तरं काकूंकडून घ्यावीत. त्यांना खोकल्याची वेळ, जिन्यावरचे थांबे, सगळं तोंडपाठ असतं. अडचण येते ती काकूंच्या फॉर्मला. विडी नाही, सिगारेट नाही. चूल मात्र लग्न झाल्यापासून आहे. त्यांची उत्तरं काकांना विचारून उपयोग नाही. त्यांना भाकरी तेवढी आठवते.