ता. जि. परभणी

पाकिटावरचा पत्ता आतून बाहेर लिहितात: आधी माणूस, मग मु. पो. पेडगाव, मग ता. जि. परभणी. पीएचपी या संगणकीय भाषेतला बहुमितीय अ‍ॅरे, म्हणजे यादीच्या आत यादी, मात्र बाहेरून आत शिरतो. आधी जिल्ह्याचा चौकोनी कंस, मग तालुक्याचा, मग गावाचा. माणूस सगळ्यात शेवटी. (सरकारी कचेऱ्यांतही साधारण हाच क्रम असतो.) पाकिटावर एका परभणीत तालुका-जिल्हा दोन्ही उरकतात. इथे परभणीच्या कंसाला लागून आणखी एक परभणीचा कंस उघडावा लागतो, तेव्हा कुठे पेडगाव सापडतं. नवशिक्याला वाटतं, नजरचुकीनं दोनदा टाइप झालं. तो एक खोडून टाकतो.

इतके मजले चढवायचेच कशाला? तर दुसरं एक पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात आहे, भीमाकाठी, बहादूरगडाचं. म्हणीतलं पेडगाव तेच, असं मानतात. गावाच्या नावाची किल्ली करून एकपदरी यादी भरली, तर नंतर आलेलं पेडगाव आधीच्याच्या जागेवर बसतं. ना इशारा, ना कुरकुर. भाषाच वेड पांघरून पेडगावला जाते.

तिचा स्वभावच सोशिक. रासमुस लेर्डॉर्फनं स्वतःच्या वेबपानासाठी केलेली पीएचपीची हत्यारं 1995 साली लोकांपुढे ठेवली. ती जगभर गेली, पण घरगुतीपणा गेला नाही. अख्खा परभणी जिल्हा 'इको' करा, ती 'अ‍ॅरे' एवढंच छापते. एकत्र कुटुंबाच्या दारात 'कोण आहे?' विचारावं आणि आतून 'माणसं' असं उत्तर यावं, तसं.

1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. अ‍ॅरेत या कामाला दोन पायऱ्या पुरतात: तालुके नव्या किल्लीखाली ठेवायचे आणि जुन्या जागेवरून 'अनसेट' करायचे. दुसरी राहिली की कळमनुरी दोन्ही जिल्ह्यांत नांदू लागते. वर पीएचपी इकडून तिकडे देते ती नक्कल, त्यामुळे एका कळमनुरीतली दुरुस्ती दुसरीच्या गावीही नसते.

खरी करमणूक शेतजमिनीत. किल्ली म्हणून गट नंबर '12' अवतरणचिन्हांत दिला तरी पीएचपी त्याचा अंक करते. '12/1' मात्र अक्षरांतच राहतो. पुढे दोन शिवारांच्या याद्या 'अ‍ॅरे मर्ज'नं जोडल्या, की अंकी किल्ल्यांना शून्यापासून नवे नंबर मिळतात. तलाठ्याला स्वप्नातही न सुचणारा हा फेरफार! वाटणी झालेला '12/1' तेवढा आपला नंबर सोडत नाही. नंबर जपायचे तर अधिकचं चिन्ह वापरावं. त्यातही दोन्हीकडे एकच नंबर निघाला तर डावीकडचा खातेदार राहतो. उजवीकडच्यानं अपील कुठे करायचं, याची सोय भाषेत नाही.