गच्चीवरची रेंज

हिवाळ्यात बुलढाण्याहून लेकाकडे टोरांटोला निघालेले आईबाप एखादा स्वेटर कमी घेतील, पण डेटा कमी घेणार नाहीत. इथल्या महिन्याच्या रिचार्जच्या कितीतरी पट पैसे मोजून रोमिंगचा पॅक, वर तिथलं ई-सिम, शिवाय लेकाच्या घरचं वायफाय. उणे 15 अंशांत फोन बाहेर काढला की लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि फोन डोळे मिटतो. मग त्याला कोटाच्या आत ऊब देऊन जागं करायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? 12 जानेवारीचा सिंदखेडराजातला जिजाऊ जन्मोत्सव आणि माघ वद्य सप्तमीचा शेगावचा प्रकट दिन पाहायला, आणि तूर किती झाली ते विचारायला.

कॉल लागतो. टोरांटोत सगळं ठणठणीत; इकडे जळगाव जामोदकडचा भाऊ गच्चीवर हात उंचावून ओरडतो, "आवाज येऊन राह्यला का?" सात समुद्र ओलांडून आलेला डेटा सातपुड्याच्या पायथ्याशी धापा टाकतो.

कंपन्यांनी रोमिंगच्या पॅकसोबत आता एक शिडीही द्यावी. परदेशी जाणाऱ्याला नव्हे, गावात राहणाऱ्याला.