तुरळक ठिकाणी मालिका

आमच्या आईच्या मालिकेत गेले सतरा दिवस एक मंगळसूत्र नायिकेच्या गळ्यापासून चार बोटांवर थांबलेलं आहे. नायक ते हातात धरून उभा आहे, भटजी अक्षतांची मूठ आवळून बसलेत, आणि नायकाची मावशी दारात येऊन “थांबा!” म्हणाली त्याला आज सहावा दिवस. मावशीचा चेहरा आम्ही तीन बाजूंनी, प्रत्येक बाजूनं तीनदा, ढोलताशासकट पाहिला आहे. आज साडेसातला मावशी तोंड उघडणार, असं प्रोमोत छातीठोकपणे सांगितलं होतं. नेमका आज साडेसातलाच चिरंजिवांना सामना बघायचा होता. आणि वेधशाळेनं रायगड-रत्नागिरीला लाल इशारा दिल्यामुळे मला बातम्या बघायच्या होत्या.

घरात टीव्ही एक. मोबाइल चार आहेत, पण ज्या वस्तूसाठी भांडावं लागत नाही ती बघण्यात राम नसतो.

पूर्वी हे भांडण घरात होत नसे, थेट सरकारशी होई. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चाळीतल्या ज्या एका घरी टीव्ही होता तिथे सगळे दाटीवाटीनं बसू लागले. काय बघायचं हा प्रश्नच नव्हता, जे लागेल ते. क्रिकेटचा सामना रंगात आलाय आणि बातम्यांची वेळ झाली की बातम्या लागत. फलंदाज 96 वर असला तरी मंत्रिमहोदय कोनशिलेवरचा पडदा ओढायचे ते ओढायचेच. बातम्या संपून मैदानावर परत यावं तर फलंदाजही नाही आणि 96 ही नाहीत. अधूनमधून चित्रच नाहीसं होई आणि एक पाटी लागे: व्यत्ययाबद्दल क्षमस्व. दिल्लीहून आली तर ‘रुकावट के लिए खेद है’. ती पाटी अशी काही निवांत लागलेली असे, की शेजारच्या काकू पदर सावरून तीही शेवटपर्यंत बघत.

पण क्षमा तरी मागत होते. आता व्यत्यय लाल पट्टीवर स्वार होऊन ‘ब्रेकिंग’ अशी आरोळी ठोकत येतो आणि क्षमेचं नाव नाही. मागणार तरी कुणाच्या वतीनं? वृत्तवाहिनीवर पहाटेपासून नुसता व्यत्ययच चालू असतो. चुकून मधे एखादा कार्यक्रम लागला तर वाहिनीवाल्यांनी त्याबद्दल क्षमा मागावी.

या विषयातलं आद्यपीठ मात्र अमेरिकेत आहे. 17 नोव्हेंबर 1968, रविवार. एनबीसी वाहिनीवर न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा फुटबॉलचा सामना चालला होता. (तिकडचा फुटबॉल, म्हणजे बहुतांशी हातानं खेळतात तो.) संध्याकाळी सातला ‘हायडी’ हा चित्रपट लागायचा होता. आल्प्सच्या डोंगरातली अनाथ मुलगी, तुसडा आजोबा, शेळ्या, तीच ती हायडी. एका घड्याळाच्या कंपनीनं ती वेळ विकत घेतली होती. घड्याळवाल्यांचा कार्यक्रम, तो सातच्या ठोक्याला लागणार हे ओघानं आलंच. जेट्स 32, रेडर्स 29, खेळ जेमतेम मिनिटभर उरलेला, आणि सात वाजले. पूर्वेकडच्या प्रेक्षकांच्या पडद्यावरून मैदान गेलं आणि डोंगर आला.

त्यानंतरच्या मिनिटभरात रेडर्सनी नऊ सेकंदांच्या अंतरानं दोन टचडाउन केले आणि सामना 43-32 असा जिंकला. ज्यांनी अडीच-तीन तास डोळ्यांत तेल घालून सामना पाहिला, त्यांच्या पदरात शेवटी शेळ्या पडल्या.

खरी गंमत मात्र वाहिनीच्या कचेरीत झाली. सामना संपेपर्यंत हायडी थांबवायची, असं साहेबलोकांनी ऐनवेळी ठरवलं होतं. तसा हुकूम द्यायला ते फोन फिरवत होते. पण फोन लागेना, कारण प्रेक्षक अगोदरपासून फोन करत होते. निम्मे विचारत होते की सामना पूर्ण दाखवणार ना, आणि निम्मे, की हायडी वेळेवर लावणार ना. या चौकशांनी फोन-यंत्रणा अशी तुंबली की त्या चौकशांचं उत्तरच वाहिनीत पोहोचेना. पुढे शिव्या द्यायला आणखी लोक आले आणि फ्यूज उडाले. मग कुणाला तरी प्रायश्चित्ताची सुबुद्धी झाली. सामन्याचा निकाल पट्टीवर सरकवला, तोही चित्रपटातली पांगळी क्लारा खुर्ची सोडून पहिलं पाऊल टाकायला निघते त्या क्षणाला. तोवर खूश असलेले हायडीचे प्रेक्षकही खवळले. एका संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या शिव्या एकरकमी वसूल करण्याचा हा विक्रम आपल्या वाहिन्यांना अजून मोडता आलेला नाही. वाहिनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि नियंत्रण कक्षात वेगळ्या लाइनचा एक स्वतंत्र फोन बसवला गेला. त्याला ‘हायडी फोन’ असंच म्हणत.

हवामानाच्या बाबतीत अमेरिकेतलं चित्र आपल्या बरोबर उलटं आहे. तिथे टॉर्नेडोचा इशारा आला की स्थानिक वाहिनीचा हवामानतज्ज्ञ चालू कार्यक्रम तोडून नकाशासमोर उभा राहतो आणि कुठल्या गावानं तळघरात जायचं ते सांगतो. मग गाव काय करतं? त्याला शिव्या घालतं. एप्रिल 2019 मध्ये टायगर वूड्स मास्टर्स स्पर्धा जिंकत होता त्याच दिवशी अटलांटातल्या एका वाहिनीच्या हवामानतज्ज्ञ बाईंनी टॉर्नेडोच्या इशाऱ्यासाठी गोल्फ थांबवलं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढच्याच महिन्यात ओहायोतल्या डेटनला एका गृहस्थानं लग्नाळू मुलीच्या स्वयंवराचा लोकप्रिय कार्यक्रम तोडला, तेव्हा तक्रारींचा असा पाऊस पडला की त्यानं नकाशा सोडून प्रेक्षकांनाच थेट प्रक्षेपणात झापलं. त्या रात्री त्या भागात टॉर्नेडोनी घरंच्या घरं उचलून नेली. छप्पर गेलं तरी चालेल, पण तिनं गुलाब कुणाला दिला ते कळलं पाहिजे. माणूस इथूनतिथून सारखाच. आमच्या आईला हे सांगितलं तर ती विचारेल, “मग? दिला कुणाला?”

आपल्याकडे मालिकेला पावसाची भीती नाही. मनोरंजनाच्या वाहिनीवर मालिका चालू असताना बाहेर समुद्र दारात आला तरी कुणी सांगणार नाही. मालिकेचं हवामान खातंच स्वतंत्र आहे. तिथे पाऊस फक्त नायिकेला घराबाहेर काढल्यावर पडतो, तिच्यापुरता पडतो आणि नायक छत्री घेऊन आला की थांबतो. इतका बिनचूक अंदाज वेधशाळेला गेल्या दीडशे वर्षांत जमला नाही.

वेधशाळेची भाषा सावध असते, आणि लोक तिला उगाच हसतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पर्जन्यमापनाच्या केंद्रांपैकी 25 टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी, अशी चोख व्याख्या आहे. 24 तासांत पाऊस 204.4 मिलिमीटरच्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’. दशांशापर्यंत हिशेब! (पुण्यातली त्यांची इमारत अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. 1928 साली मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं, पुढे दिल्लीला गेलंसुद्धा, पण पुणेकरांनी नाव सोडलं नाही.) वेधशाळेनं तोलूनमापून दिलेलं हे ‘तुरळक ठिकाणी’ वाहिनीच्या दारातून आत गेलं की ‘महाराष्ट्रावर अस्मानी संकट’ होऊन बाहेर येतं. आणि ते संकट दरसाल हिंदमाताला जातं.

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे. पावसाळ्यात तुंबणाऱ्या मुंबईची ही चार धामं आहेत. बातमीदार पोरगं रेनकोट घालून गुडघाभर पाण्यात उभं असतं आणि स्टुडिओतल्या कोरड्या ताई विचारतात, “पाण्याची पातळी नेमकी किती आहे?” पोरगं स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवतं. मोजपट्टी म्हणून उभं राहायचा पगार त्याला मिळतो की नाही, कोण जाणे. ऑक्टोबर 2005 मध्ये एका अमेरिकन वाहिनीच्या बातमीदार बाई न्यू जर्सीतल्या पुरात होडी वल्हवत थेट प्रक्षेपण करत होत्या, तेवढ्यात त्यांच्यासमोरून दोन माणसं घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेली. आपल्याकडे असं फजितीचं भय नाही, आपलं पाणी खरं असतं.

आणि खरं असतं म्हणूनच टीव्हीवर बघता येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला 73.4. उपनगरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची वीज गेली आणि टीव्ही बंद. ते पाणी आम्हाला नागपूरच्या मामांनी पाहून फोनवर सांगायचा प्रयत्न केला, तर फोनही बंद. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाच्या वेळी बहुतेक कॅमेरे मुंबईत लाटांची वाट बघत उभे होते. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं आणि श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा आडव्या करून गेलं. तिथे पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. टीव्हीवरचं हवामान हे कोरड्या माणसासाठी असतं. भिजलेल्याला ते कळण्याची सोयच नाही.

क्रिकेटचं आणि पावसाचं पूर्वी बरं चाललं होतं. एप्रिल-मे क्रिकेटचा, जून पावसाचा. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत येऊन थडकला, 11 जूनच्या मुहूर्ताआधी सोळा दिवस, तेव्हा आयपीएल अजून संपलं नव्हतं. 2023 चा अंतिम सामना तर रविवारी 28 मे रोजी अहमदाबादला व्हायचा होता. पावसानं तो सोमवारी ढकलला. सोमवारी पुन्हा पाऊस आला, आणि मंगळवारी पहाटे दीडच्या सुमारास जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून तो संपवला. एक सामना, तीन तारखा. इतक्या वेळा तर लग्नाची तारीख आमच्या आईच्या मालिकेतही बदलली नाही.

मालिकेची वेळ बदलते ती वेगळ्या कारणानं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि साडेसातची मालिका साडेसहाला जाते. “आता नव्या वेळेत!” असं नायिका हसून सांगते. पुढे दुपारी दीड. मग एके दिवशी नायक-नायिका, खलनायिका, भटजी असे सगळे एका सोफ्यावर बसून प्रेक्षकांचे आभार मानतात. दीडच्या मालिकेतली सून सहसा वाचत नाही.

तर आज संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे तह झाला. सामना, जाहिरात लागली की मालिका, मालिकेत जाहिरात लागली की बातम्या. हिशेब सोपा होता, पण तिन्हीकडे जाहिरात एकदमच लागते हे आम्ही धरलं नव्हतं. वीस मिनिटांत आम्ही एक पंखा, दोन साबण, एक गुटगुटीत बाळ आणि घरबांधणीचं सिमेंट पाहिलं. सामन्याकडे गेलो तर मैदानावर आच्छादन घालून पाऊस चालू, म्हणून ते 2011 चा जुना सामना दाखवत होते. चिरंजीव तोच बघू म्हणाले. मालिकेकडे गेलो तर मावशीनं नुकताच श्वास आत घेतला होता. बातम्यांत हिंदमाता. डोंबिवलीत आमच्या गॅलरीत वाळत टाकलेल्या कुरडयांवर एक थेंब पडला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. दापोलीकडून आत्या.

“लाइट नाहीत रे दुपारपासून,” ती ओरडून बोलत होती. मागे वाऱ्याचा घोंगावता आवाज. “टीव्हीवर काय म्हणतायत? आमच्याकडे किती आहे पाऊस?”

मी टीव्हीकडे पाहिलं. पोरगं गुडघा दाखवत होतं. पट्टीवर कोल्हापूर होतं, ठाणं होतं, कुणाच्या तरी लग्नात वर भिजला ते होतं. “आत्या, तुमच्याकडचं काही सांगत नाहीयेत.”

“बरं, मग जोराचा नसेल,” आत्या म्हणाली. “वहिनीला दे.”

आईनं फोन घेतला. “हां वन्सं. छे हो, कुठली बोलतेय! तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ह्यांनी पाऊस लावला... हो ना. मला वाटतं ती त्याची मावशी नाहीच, आई आहे... उद्या दुपारी परत दाखवतात. तुमचे लाइट आले तर बघा आणि मला सांगा, इथे काही हे बघू देत नाहीत... काय? कसला आवाज?”

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“काही नाही गं, पडवीवरची कौलं चाललीत बहुतेक. तू सांग. आई कशी काय?”