ल्युमेनराव

"तुम्ही कपाळाला काय बांधता?"

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, मठ्ठा यायच्या आत हा प्रश्न विचारणारा कुणी भेटला, तर ते आमचे ल्युमेनराव समजावेत. समोरचा गांगरतो. त्याला मुंडावळ्या बांधून पंचवीस वर्षं झालेली असतात आणि डोकं दुखलं तर तो बाम लावतो. ल्युमेनराव विचारत असतात हेडलॅम्पबद्दल. रात्री डोंगर चढणारी माणसं पट्ट्याने डोक्याला दिवा बांधतात ना, तो. तो कोणता घ्यावा हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे, आणि गेली चार वर्षं तोच आहे.

त्यांचं खरं नाव सांगत नाही; ट्रेकच्या ग्रुपात तसंही ते कुणी वापरत नाही. वय पन्नाशीचं, काम हिशेबतपासणीचं, कपाळ दिव्याला जागा करून दिल्यासारखं मागे मागे सरकलेलं. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येक टोळीत असा एकजण असतो. कुणाचा बुटांतला तज्ज्ञ, कुणाचा सॅकमधला. आमच्या वाट्याला दिव्यातला आला.

आमच्या वेळी हा प्रश्न नव्हता. तीन सेलची पत्र्याची बॅटरी असायची. ती हातात धरायची, पेटली नाही तर मांडीवर आपटायची, तरीही नाही पेटली तर पुढच्याच्या मागे चालायचं. ल्युमेनरावांना हे सांगायची सोय नाही. "म्हणजे तुम्हाला रनटाइमच माहीत नव्हता," असं ते हळहळून म्हणतात. कुणाच्या घरी लहानपणी दूध परवडत नव्हतं हे ऐकल्यावर माणसं हळहळतात, तसं.

खोक्यावरचे आकडे वाचावेत ते त्यांनीच. दिव्यांच्या मोजमापाचं एफएल-1 नावाचं एक अमेरिकन मानक आहे, 2009 सालापासूनचं. त्यात ल्युमेन, म्हणजे दिव्याचा एकूण उजेड, मोजतात ते दिवा लावल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने. "म्हणजे स्थळ दाखवताना दिलेला फोटो," इति ल्युमेनराव. रनटाइम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे 300 ल्युमेन आणि 40 तास असं वाचून तुम्ही खूश होता, पण चाळिसाव्या तासाला हातात 30 ल्युमेन उरलेले असतात. आणि झोताचं अंतर? जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं, साधारण तेवढं.

हा भाग आला की त्यांचा आवाज कापरा होतो. "हिरकणी कोजागिरीला रायगडाचा कडा उतरली, अशी गोष्ट आहे. म्हणजे तिच्याकडे काय होतं? पाव लक्स! आणि तुम्हाला हरिश्चंद्रगडाच्या वाटेला हजार ल्युमेन पाहिजेत?"

हजार मागितलेले कुणीच नसतात. पण चौपट ल्युमेनचे पैसे मोजले तर झोत दुप्पटच लांब जातो, हे गणित मला त्यांच्यामुळे कळलं, आणि ते खरं आहे.

पुण्यात तापकीर गल्लीत मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. सेल कुठले, 18650 की बारके ट्रिपल-ए, यावर त्यांनी दुकानदाराला पंधरा मिनिटं सांगितलं. 18650 मधला 18 म्हणजे मिलिमीटरमधली जाडी, 65 म्हणजे लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल नळीसारखा. तो सेल जोरकस खरा, पण राजूरच्या बाजारात रात्री संपला तर मिळणार नाही. ट्रिपल-ए किराणा दुकानातही मिळेल. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, मग काउंटर पुसत विचारलं, "साहेब, घेणार कधी?" ल्युमेनराव दुखावले. "घाईत घ्यायची वस्तू नाही ती," असं ते मला जिन्यात म्हणाले.

इथे एक सांगायचं राहिलं. ल्युमेनरावांनी आजवर एकही हेडलॅम्प विकत घेतलेला नाही. ग्रुपातल्या आम्ही अकराजणांनी त्यांच्या सल्ल्याने घेतले, आणि आमचे अकराही ते आळीपाळीने चाचणीला नेतात. वजन करायला ओळखीच्या सराफाकडे. किचनच्या काट्यावर अर्धा ग्रॅम इकडेतिकडे होतो म्हणे. सराफाने पहिल्यांदा दिवा काट्यावर ठेवला तेव्हा, ते स्वतःच सांगतात, सवयीने घडणावळ विचारली होती.

रनटाइमची चाचणी घरी होते, संडासात. घरात तेवढीच एक काळोखी जागा आहे. दिवा आत लावून ठेवायचा आणि दर तासाला जाऊन वहीत नोंद करायची. वहिनी एरवी फार बोलत नाहीत, पण या विषयावर बोलल्या: "परवा पाहुणे आले होते. आत दिवा दिसतोय म्हणून चौघंजण अर्धा तास बाहेर ताटकळले. आत कुणी नव्हतं!"

मधल्या काळात ते शिकाऱ्यांच्या नादी लागले. अमेरिकेतल्या. तिकडे कोलोरॅडोत एल्क नावाच्या थोरल्या हरणामागे जाणारा शिकारी पहाटेच्या आधी अंधारात चालत जाऊन दबा धरतो. त्याला मंद लाल दिवा लागतो, कारण अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या झोताने एकदा दिपले की पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. पण तोच लाल दिवा जखमी जनावराच्या रक्ताचा माग काढताना कुचकामी. लाल उजेडात लाल रंग उठूनच दिसत नाही. त्यासाठी पांढरा हवा, आणि बटण असं हवं की हातमोजे घालूनही नेमकं तेच लागावं. ल्युमेनरावांनी या सगळ्या अटी दिवा निवडायच्या आपल्या तक्त्यात घातल्या.

"अहो, पण आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही श्रावण पाळता. माग कुणाच्या रक्ताचा काढणार?"

"तत्त्व म्हणून," ते म्हणाले.

त्या तत्त्वाची परीक्षा बारीला झाली. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. 1646 मीटरचं ते शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच. पहाटे वर पोचायचं म्हणून लोक रात्री दोन-अडीचला निघतात. त्याआधी आम्ही एका घरी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, पिठलं, कांदा, आणि भाकरीच्या कडेला लसणाची लालभडक चटणी. ल्युमेनरावांनी घरातला बल्ब बंद करायला लावला. डोळे सरावलेले राहिले पाहिजेत. माझाच हेडलॅम्प त्यांच्या कपाळावर होता. त्यांनी लाल दिवा लावला आणि अख्खं घर फोटोच्या डार्करूमसारखं झालं.

घरच्या मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारलं, "दादा, लाइट हाय की घरात. लावू का?"

"नको, नको. हे मुद्दाम आहे."

लाल उजेडात पांढरी भाकरी लाल दिसते आणि लाल चटणीही तशीच लाल दिसते. दोन्हींत फरक उरत नाही. कोलोरॅडोच्या रक्ताचा नियम अकोले तालुक्यातल्या चटणीलाही लागू होतो, एवढीच नोंद तक्त्यात करायची राहिली होती. ल्युमेनरावांनी भाकरीचा ऐसपैस तुकडा तोडला, दुमडला आणि चटणीच्या सबंध गोळ्यासकट तोंडात घातला. पुढची दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांच्या घशातून आलेला आवाज ऐकून मावशींनी बल्ब लावला आणि ताकाचा तांब्या पुढे केला. आमचे सगळ्यांचे सरावलेले डोळे दिपले, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तरी त्या रात्री मी त्यांना मनातून मानलं. कळसूबाईला कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. दवाने ओल्या शिडीवर दोन्ही हात कठड्याला लागतात. तिथे हातातली बॅटरी दातांत धरावी लागते, हे मी तरुणपणी केलेलं आहे आणि परत करणार नाही. दिवा कपाळावर का हवा याचं उत्तर त्या शिडीवर मिळतं. वर धुकं लागलं तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी राहिली, कारण कपाळावरचा झोत धुक्यावर आपटून थेट डोळ्यांत येतो. "काढा, काढा! हातात धरा, कमरेजवळ," असं ल्युमेनराव ओरडले. तसं केल्याबरोबर वाटेतले दगड सावल्यांसकट उठून दिसायला लागले. एक मुलगी गवतात चमकणारे हिरवट ठिपके बघून बिबट्या म्हणून किंचाळली, तर त्यांनी वाकून दाखवलं: कोळी. त्यांचे डोळे झोतात असे चमकतात.

त्यांचा एकच दोष सुटत नाही. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, आणि दिवाही त्यांच्याबरोबर बघतो. वर पोचेपर्यंत आम्ही अकराहीजणांनी त्यांना उत्तरं द्यायची ती तोंडावर हात आडवा धरून, पोलिसांनी पकडल्यासारखी.

देवळापाशी उजाडलं. ल्युमेनरावांनी दिवा कपाळावरून उतरवला, हातात तोलला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण अजून एक चाचणी बाकी आहे."

याला आता पाच महिने झाले. तुमच्या ग्रुपाबरोबर हे गृहस्थ ट्रेकला आले, तर त्यांच्या कपाळाकडे नीट बघा. पट्टा करडा आहे, मागच्या बकलाजवळ माझ्या बायकोने लाल दोऱ्याने एक फुली घातली आहे. लाल दिव्यात ती दिसणार नाही, पांढरा लावून बघा. दिवा माझा आहे. पावसाळ्याआधी परत पाहिजे.