शेवटचा हात

निवृत्तीनंतर ज्याला ओळखी वाढवायच्या असतील त्याने एक जुनी गाडी बाळगावी आणि रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभं राहावं. पाच मिनिटांत माणसं जमतात. रंकाळ्याच्या काठावर तर तीनच मिनिटं पुरतात. फिरायला आलेले, दूधकट्ट्यावरून मिशा पुसत घरी निघालेले, मुलाला शाळेत सोडून परतणारे, सगळे थांबतात, वाकून आत बघतात आणि पहिला प्रश्न न चुकता तोच विचारतात, "पेट्रोल हाय न्हवं?"

असतं. टाकी भरलेली असते. तीच तर सगळी भानगड होती, पण ते कळायला मला अख्खा पावसाळा आणि वर दिवाळी लागली.

गाडी म्हणजे आमची 1981 ची पद्मिनी. ज्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची, त्या काळात वडिलांचा नंबर लागला होता. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या तिच्या बहिणी मुंबईत काळ्या-पिवळ्या होऊन राबल्या आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या टॅक्सीसेवेतून कायमच्या निवृत्त झाल्या. आमची मात्र कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, रविवारी बाहेर पडते आणि माझ्याप्रमाणेच निवृत्तीनंतर थोडी तब्येतीची कुरकुर करते.

या वेळची कुरकुर मात्र विचित्र होती. सकाळी चोक ओढून सेल्फ मारला की दुसऱ्या फटक्याला चालू. पाच-सहा किलोमीटर कशी लोण्यासारखी जायची. मग दोन गचके, एक उसासा आणि बंद. पंधरा मिनिटं तशीच ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा होता. गणिताच्या तासाला दुखणारं पोट मधल्या सुट्टीत असंच थांबतं.

पेट्रोलच्या इंजिनाला मुळात तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, ते दाबायला कॉम्प्रेशन आणि वेळेवर ठिणगी. बाकी सगळा या तिघांचा लवाजमा. दाब जर पंधरा मिनिटांत आपोआप बरा होत असेल तर तो आजार दाबाचा नव्हे. राहिले दोन. त्यांचा निवाडा करायची युक्ती फार जुनी आहे: गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीचं बघा. कोरडा असेल तर ठिणगीला बोल लावू नका, बिचारीने जाळायचं काय?

माझा प्लग कोरडा निघाला. करंट होता, पेट्रोल नव्हतं. म्हणजे टाकी ते कार्ब्युरेटर या वाटेवर कुठेतरी अडवणूक होती, आणि त्या वाटेवर संशयितांची काही कमतरता नव्हती. फिल्टर तुंबला असेल. जेटमध्ये कचरा असेल. रबरी नळीला बारीक चीर असेल आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत असेल. या गाड्यांचा पंप विजेवर चालत नाही. इंजिनाच्या कॅमचा उंचवटा एका दांडीला ढुसण्या देतो, दांडी पडदा खालीवर करते, आणि त्या ओढीवर मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे येतं. पडदा फाटला असेल, तर ओढ संपली. पुढे कार्ब्युरेटरमध्ये एक छोटी वाटी असते. फ्लशच्या टाकीत चेंडू असतो तसा तिच्यात फ्लोट. वाटी भरली की तो वर येऊन वाट बंद करतो. पंपाने हात वर केले तरी या वाटीतल्या घोटभर पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाते. म्हणून गाडी जिथे बंद पडते तिथे दुखणं सुरू झालेलं नसतं, ते आधीच्याच वळणावर झालेलं असतं.

मी फिल्टर बदलला. जेट काढून फुंकलं. नळ्या बदलल्या. पंपाचा पडदा नवा घातला. उन्हात गरम झालेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि द्रव ओढायला बनवलेला पंप वाफेपुढे हतबल होतो. खंडाळ्याच्या घाटात लोक याचसाठी पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. तेही आठवलं, म्हणून मीही टाकलं. वर आभाळ गळत असताना बॉनेटखाली ओल्या फडक्याने पंप थंड करणारा माणूस बघून रंकाळ्यावरच्या एका आजोबांनी "ताप आलाय काय?" असं काळजीने विचारलं.

वहीत मात्र मी नोंदी ठेवत होतो. शिक्षकाची खोड. तारीख, किलोमीटर, टाकीतलं पेट्रोल, हवामान. तिसऱ्या पानावर मला एक नियम सापडला आणि मी हरखलो. टाकी अर्धी असली की गाडी जोतिबाला जाऊन यायची, मगच मान टाकायची. टाकी गळ्यापर्यंत भरली की फुलेवाडीचाही पल्ला जड. म्हणजे जितकं जास्त पेट्रोल, तितकी गाडी लवकर बंद! यावरून मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला: दोष नव्या पेट्रोलचा.

आणि त्या निष्कर्षाला पुरावा घराबाहेरच उभा होता. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं, जुन्या गाड्यांच्या रबराला मानवत नाही, हे सगळं खरंच. शिवाय ते उसापासूनही बनतं, आणि आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. ज्या उसावर आम्ही वाढलो, तोच आता आमच्या गाडीला बाधतोय, असं मी महिनाभर भेटेल त्याला सांगितलं. तीन पेट्रोलपंप बदलले. गाडी सहाव्या किलोमीटरला बंद पडत राहिली.

शेवटी उद्यमनगर गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी हात पुसत पुसत एकच प्रश्न विचारला.

"सर, हिला शेवटचा हात कुणी लावलाय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "म्हणजे मीच बघतो सगळं. बाहेरच्या कुणाचा हात नाही."

ते काही बोलले नाहीत. कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून त्यांनी सेल्फ मारायला सांगितला. बाटलीत पेट्रोलच्या पिचकाऱ्या नीट ठेक्यात पडल्या. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो, तसं. मिस्त्री म्हणाले, "हितं न्हाई सापडायची. टाकी भरा, मी बसतो शेजारी. जिथं पडंल तिथं बघूया."

टाकी भरली. त्यांनी बरोबर अवजार म्हणून काही घेतलं नाही. मला ते जरा बेफिकीर वाटलं. फुलेवाडीच्या अलीकडे दोन गचके, एक उसासा. मी सवयीने बॉनेटची कळ ओढायला वाकलो, तोवर मिस्त्री खाली उतरून गाडीच्या मागे गेले होते. त्यांनी टाकीचं टोपण फिरवलं.

फुऽऽस्स.

आवाज लांब होता आणि आत जाणारा होता. पाण्याखाली फार वेळ राहिलेला पोरगा डोकं वर काढून पहिला श्वास घेतो, तसा. "आता मारा," मिस्त्री म्हणाले. चार-पाच फटक्यांत गाडी सुरू.

त्यांनी टोपण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला मधोमध मसुराच्या दाण्याएवढा एक चकचकीत ठिपका होता.

"सर, हा डाग कुणी दिलाय?"

डाग मीच दिला होता. आषाढात. टोपण पुसताना बारीक भोक दिसलं. भोक म्हणजे बिघाड, अशी माझी समजूत. त्यातून पावसाचं पाणी टाकीत जाईल ही एक भीती, आणि गाडीत पेट्रोलचा वास येतो ही घरची जुनी तक्रार. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या वेळी सोबत आलेली डाग द्यायची कांडी तापवली, एक थेंब टाकला, खाली नवं रबर बसवलं. काम इतकं सफाईदार झालं की करून विसरूनही गेलो.

"तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडत्यात?" मिस्त्रींनी विचारलं. ते चिडवत नव्हते, मला बाहेर पडायला वाट देत होते.

एका भोकातून तेल येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते म्हणून. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. डब्यात थोडं पाणी उकळून, झाकण घट्ट लावून, तो गार करून दाखवला होता. बाहेरच्या हवेच्या दाबाने डबा चिपाडासारखा चेपतो तेव्हा वर्ग टाळ्या वाजवायचा. आणि मी स्वतःच्या गाडीला तोच प्रयोग लावून वर उसाला शिव्या देत होतो. वहीतला नियमही बरोबर होता, वाचणारा चुकला होता. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी. हवा थोडी असली की घोटभर पेट्रोल कमी झालं तरी आतला दाब झपाट्याने उतरतो आणि पंपाची ओढ तिथे कमी पडते. अर्ध्या टाकीत हवा ऐसपैस असते, तिला उणीव उशिरा जाणवते. पंधरा मिनिटं थांबलं की कुठल्या तरी फटीतून हवा हळूहळू आत शिरे आणि गाडी मला माफ करून पुन्हा सुरू होई.

घरी येताना मिस्त्रींचा पहिला प्रश्न डोक्यातून जाईना. मी खोटं बोललो नव्हतो. आपला हात आपण हिशेबात धरतच नाही. बिघाड शोधायचा म्हणजे काय काय बदललं ते आठवायचं, आणि आपण केलेला बदल आपल्याला बदल वाटत नाही, सुधारणा वाटते. मुलगा बंगळूरहून फोन करतो आणि दोन मिनिटांत ठेवतो. मी रेंजला दोष देतो. फोन उचलल्यापासून मी त्याला किती सूचना करतो, आणि त्यात त्याच्या श्वासाला भोक ठेवतो का, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मिस्त्रींनी बारीक ड्रिलने डाग मोकळा केला. पैसे विचारले तर हसले. "भोकाचं काय घ्यायचं, सर? चहा सांगा."

गाडीत आता पुन्हा पेट्रोलचा मंद वास येतो. रविवारी जोतिबाहून परतताना, भरल्या टाकीनिशी आणि एकदाही न थांबता, ही म्हणाली, "अहो, सापडलं एकदाचं. काय झालं होतं?"

"काही नाही गं. टोपणाचं भोक बुजलं होतं."

ओट्यावर तापत ठेवलेली ती कांडी आषाढात हिनेच दोनदा बाजूला सारली होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बुजलं होतं, की बुजवलं होतं?"