बाळंतिणीच्या अर्ध्या कपाची मीमांसा

प्रथम व्याख्या. ‘अर्धा कप’ हे मराठी घरातलं असं माप आहे, ज्याचा पूर्ण कपाशी काही संबंध नसतो. ‘अर्धाच द्या’ म्हणणाऱ्या पाहुण्याला तो काठोकाठ द्यावा लागतो आणि ‘अर्धाच घे गं’ असं ऐकणाऱ्या बाळंतिणीला दोन घोट मिळतात. चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले सहा आठवडे या मापावरून जो वाद पेटलाय, त्याची ही मीमांसा.

पूर्वपक्ष माझ्या आईचा. ती गोंदियाहून डिंक, हळीव आणि बाळंतशेपा घेऊन उतरली. तिच्या मते चहाने दूध आटतं आणि बाळ काळं होतं. (काळं होण्याचं कलम विज्ञानात कुठेच नाही. पण हे आईला सांगणार कोण?) शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी छट्ठीला कांके पानी हा बाळंतिणीचा काढा पाठवला, तेव्हा या दोन शास्त्रांचं एका मुद्द्यावर तत्काळ एकमत झालं: सुनेला चाय नाही.

उत्तरपक्ष बायकोचा, आणि तिच्याकडे आकडे आहेत. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलंय. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत मोकळीक दिली. पासष्ट त्रिक एकशे पंच्याण्णव. म्हणजे कितीही कडक धरला तरी तीन कप झाले, आणि उरलेले पाच मिलिग्रॅम ती सासूबाईंना सोडायला तयार आहे. शिवाय आईच्या पोटात गेलेल्या कॅफिनपैकी दुधातून बाळाला पोचतं ते साधारण एक टक्का.

मग घोडं अडलं कुठे? यकृतात. मोठ्या माणसाच्या अंगातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत उतरतं, नवजात बाळाला त्यासाठी ८० तासांच्या आसपास लागतात. सोमवारी सकाळी सहाचा चहा गुरुवारी दुपारी दोनला निम्मा शिल्लक! हे आईला कोणत्याही पुस्तकाने समजलं नसतं. पण आमच्या घराजवळच भिलाई मार्शलिंग यार्ड आहे आणि बाबांची नोकरी गोंदियाला शंटिंगमध्ये गेली. ‘डबे येऊन उभे आहेत, पण शंटिंगला माणूस नाही, तसं बाळाचं यकृत’ म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, “मग भरती करा की.” भरती आपोआप होते, पण हळूहळू. सहाव्या महिन्याच्या सुमारास हे यार्ड मोठ्यांसारखं चालू लागतं. तोवर बाळ चिडचिड करू लागलं, झोपेना, तर कप कमी करायचा. दिवस पूर्ण न भरलेलं बाळ असेल तर फारच जपून. गंमत अशी की, अशाच अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबू नये म्हणून डॉक्टर त्यांना मोजूनमापून कॅफिनच देतात. हे मी घरात बोललो नाही. दोन्ही पक्षांनी ते आपापल्या बाजूने वापरलं असतं.

आता मुहूर्त. दुधात कॅफिन सर्वांत जास्त उतरतं ते चहानंतर तासाभराने. म्हणून पाजून झाल्या झाल्या चहा घ्यावा. कागदावर निर्दोष. पण लोको पायलटला ड्यूटीचा कॉल वेळेआधी येतो, बाळाचा कॉल बशीत पहिला घोट ओतल्यावर येतो.

इथेच प्रस्तुत लेखकाचा मूळ शोध. आजवरचा सगळा हिशेब केलेल्या चहाचा आहे, प्यालेल्या चहाचा नाही. बायकोने कालनिर्णयवर आठवडाभर रेघा ओढल्या. केलेले कप एकवीस, तिने संपवलेले चार. बाकीचे कुठे गेले, याचा तपास लावायला फार लांब जावं लागलं नाही.

कॅफिन शक्ती देत नाही. ॲडेनोसिन नावाचं द्रव्य मेंदूला ‘आता आडवा हो’ म्हणून सांगत असतं, त्याच्या खुर्चीत कॅफिन जाऊन बसतं, इतकंच. खुर्ची रिकामी झाली की बाहेर ताटकळलेली सगळी झोप एकदम आत घुसते. नाइट ड्यूटीहून आलेल्या आणि सतरा उरलेले कप रिचवलेल्या बापाच्या मेंदूत ही खुर्ची रिकामी होतच नाही. बाळ झोपतं, बाळाची आई झोपते, आजी घोरते, मी पंख्याची पाती मोजतो.

काल पहाटे तीनला पुन्हा कप तसाच राहिला. वर साय धरली होती. बायको बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, “ओतून टाक आता.”

मोजमापात गडबड नको म्हणून मी तो प्यालो.