दंतपंक्तीतील नवागत

नागपूरच्या रामदासपेठेत जो तरुण ऑर्थोडॉन्टिस्ट पाच वर्षांची पदवी आणि तीन वर्षांची पदव्युत्तर तपश्चर्या आटोपून, कायद्यान्वये मिळालेला नोंदणीचा दाखला भिंतीवर टांगून बसतो, त्यास प्रारंभी असा भ्रम असतो की आता केवळ रुग्णांचीच प्रतीक्षा उरली. परंतु व्यावसायिक बिरादरीत रीतसर अर्ज करून रुजू होताच त्याच्या ध्यानात येते की, दाताला जबड्यात तशी माणसाला व्यवसायात जागा मिळणे ही सर्वस्वी शेजाऱ्यांच्या मर्जीची बाब आहे.

एडवर्ड अँगल या अमेरिकन आचार्यांनी १८९९ मध्ये दातांच्या विषम ठेवणीचे तीन वर्ग केले. सभासंमेलनांतही तीनच वर्ग आढळतात: अध्यक्षस्थानी बसणारे, त्यांना हार घालणारे आणि संत्राबर्फी केव्हा येणार अशी मृदू चौकशी करणारे. तारेने बांधलेला दात महिन्याला सुमारे १ मिलिमीटर सरकतो, कारण हळुवार दाबाने एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूस नवे भरते. नवागतही त्याच गतीने पुढच्या रांगेकडे सरकतो, फरक इतकाच की झीज तेवढी त्याच्याच वाट्यास येते. शिवाय सरकलेला दात मूळ जागी परतू नये म्हणून रिटेनर लावतात. येथे मात्र मुदत संपलेले ज्येष्ठ 'मार्गदर्शक' होऊन विनारिटेनर जागच्या जागी पक्के राहतात.

तेव्हा नवागताने दाखवायचे दात सभेत न्यावेत. खायचे दात दवाखान्याच्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत जपून ठेवावेत, हेच श्रेयस्कर.